नियम वाकले, मतं वाकली: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी डेट्रॉइटजवळ राहते. 2024 च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, इथे गाझाच्या प्रश्नावरून 'अनकमिटेड'ला (कोणत्याच उमेदवाराला नाही, या पर्यायाला) मत द्यायची मोहीम झाली, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, हे काहीतरी नवीनच!" त्याला म्हटलं, मी 2008 मध्येच ते केलंय. नागरिक झाल्यावरचं माझं पहिलं मत होतं ते. मतपत्रिकेवर हिलरी क्लिंटन होत्या, ओबामा नव्हतेच. मिशिगनमध्ये उतरायचं नाही, अशी सगळ्यांनी सही केली होती म्हणे. मग त्याच मतांवर हिलरीबाई हक्क सांगायला लागल्या! नियम वाकवणाऱ्यांचं कोणी काहीच कसं करत नाही?
— एक वाचक, मिशिगन

उत्तर: ताई, राग रास्त आहे, फक्त थोडा सरकवून घ्या.

डेमोक्रॅटिक पक्षाचा नियम होता की आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेवाडा आणि साउथ कॅरोलायना सोडून कोणीही 5 फेब्रुवारी 2008 च्या आधी मतदान घ्यायचं नाही. मिशिगनने 15 जानेवारी धरली, फ्लोरिडाने 29. पक्षाने दोघांचे सगळे डेलिगेट, म्हणजे अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, रद्द केले. तिथे प्रचार करणार नाही, भाग घेणार नाही, असं उमेदवारांनी लिहून दिलं. ऑक्टोबरमध्ये ओबामा, एडवर्ड्स, बायडन आणि रिचर्डसन यांनी मिशिगनमधून नावं मागे घेतली. हिलरींनी ठेवलं.

इथे त्यांनी नियम मोडला, असं मला म्हणवत नाही. नाव काढा असं त्या कागदावर कुठेच नव्हतं. आणि काढणाऱ्यांचाही त्याग फार मोठा नव्हता. आधी मतदानाचा मान जपणाऱ्या आयोवाचे मतदार खूश होणार होते. मला खुपतं ते पुढचं. त्याच ऑक्टोबरात न्यू हॅम्पशायरच्या रेडिओवर हिलरी सांगत होत्या की मिशिगनची ही निवडणूक कशातच धरली जाणार नाही. तिथे 55 टक्के मतं पडली, पुढे डेलिगेट कमी पडायला लागले, आणि तीच निवडणूक एकदम पवित्र झाली! त्यांचे सल्लागार हॅरल्ड इकीस तर ही शिक्षा ठरवणाऱ्या पक्षाच्या नियम समितीचेच सदस्य. शिक्षेच्या बाजूने मत दिलेले गृहस्थ ती उठवा म्हणून भांडत होते.

आता तुमच्या मताचं काय झालं ते ऐका, कारण खरी गंमत तिथेच आहे. 'अनकमिटेड'ला सुमारे 40 टक्के मतं होती. ज्यांनी हाताने ओबामांचं नाव लिहिलं, त्यांची मतं मोजलीच नाहीत. 31 मे 2008 ला वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात समिती बसली. मतांप्रमाणे हिलरी आणि 'अनकमिटेड' यांची वाटणी 73–55 होत होती. ओबामांची माणसं 64–64 मागत होती. समितीने 69–59 केली, म्हणजे जवळजवळ बरोबर मधला आकडा, आणि प्रत्येक डेलिगेटला अर्धं मत. 59 ओबामांना, जे मतपत्रिकेवर नव्हतेच. आमचे चार डेलिगेट पळवले, म्हणून इकीस तिथेच कडाडले. खरं सांगू? त्या एका मुद्द्यावर त्यांचं बरोबर होतं. मतदाराच्या मनात काय होतं, याचा अंदाज बांधून आकडा ठरवायचा, ही मतमोजणी नव्हे.

मी इथल्या महाराष्ट्र मंडळाचा निवडणूक अधिकारी होतो. मुदतीनंतर आलेला अर्ज "घ्या हो, आपलाच माणूस" म्हणत एकदा घेतला, की पुढच्या वर्षी वेळेवर कोण येतंय? पक्षाचंही तेच झालं. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात दोन्ही राज्यांना पूर्ण मतं परत मिळाली, तीही खुद्द ओबामांच्या विनंतीवरून. उमेदवारी खिशात होती, नोव्हेंबरात ही राज्यं हवी होती. शिक्षा टिकणार नाही, हे उमेदवारांना पहिल्यापासून ठाऊक असतं. म्हणून तुमच्या रागाचा निम्मा वाटा हिलरींना द्या, निम्मा समितीला.

आणि मुलाला सांगा, ते मत वाया गेलं नाही. फक्त कुठे गेलं, ते तुम्हाला कोणी विचारलं नाही.

प्रश्न: आपल्याकडे पक्ष अशी प्रायमरी का घेत नाहीत?
— एक वाचक, पुणे

उत्तर: काँग्रेसने 2014 च्या लोकसभेला काही मोजक्या मतदारसंघांत घेऊन पाहिली होती. वडोदऱ्यात नरेंद्र रावत निवडून आले. मग तिथे नरेंद्र मोदी उभे राहिले आणि तिकीट मधुसूदन मिस्त्रींना गेलं. बाकी आपली प्रायमरी म्हणजे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी तीनच्या आत, पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म कोणाच्या हातात पडतो ते.