आधी आपला पारा बघा

पालकांचे प्रश्न या सदरासाठी या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली चार पत्रं निवडली आहेत. पत्रं आटोपशीर केली आहेत आणि नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे. सहावीला त्याला साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये घालायचंय. रोज कामावरून आलो की साडेसातला त्याला गणितं घालतो. आठ वाजेपर्यंत माझा आवाज चढलेला असतो. दोनदा हातही उचलला. आता येणारी गणितंही तो चुकवतो, लिहितो आणि खोडत बसतो. माझं चुकतंय हे कळतं, पण त्या वेळी आवरत नाही. नक्की काय करू?
– एक वडील, कोरेगाव

उत्तर : हात उचलणं आजपासून पूर्ण बंद, त्याला 'फारच झालं तर' अशी पळवाट नको. बाकीचं सावकाश बदलता येईल.

येणारं गणित का चुकतं? भागाकार करताना मुलाला आकडे, हातचा आणि पुढची पायरी हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं. भीती वाटली की तीच जागा 'बाबा आता चिडणार का' या विचारानं भरते. तो वहीकडे कमी आणि तुमच्या चेहऱ्याकडे जास्त बघत असतो. खोडरबर हे त्याचं वेळ काढण्याचं साधन आहे. त्याला आळशी किंवा ढ समजू नका.

आता तुमच्याकडे वळू. आठवडाभर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात रोज तीन गोष्टी टिपा: आवाज किती वाजता चढला, त्याआधी शेवटचं कधी खाल्लं होतं, आणि ओरडण्याच्या अगदी आधी मनात कोणतं वाक्य आलं. तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची. पुष्कळ वडिलांना तिथे 'याचं कसं होणार' किंवा 'पाव्हण्यांत काय तोंड दाखवू' असलं काहीतरी सापडतं. म्हणजे वरून राग दिसतो, आत धास्ती असते. ती धास्ती तुमची आहे, दहा वर्षांच्या पोरानं ती वाहायची नाही.

वेळही बदला. उपाशीपोटी आणि दिवसभराच्या शिणवट्यावर शिकवायला बसू नका. आधी हातपाय धुवा, चहाबरोबर काहीतरी खा, वीसेक मिनिटं जाऊ द्या. मग पंचवीस मिनिटं आणि दहा गणितं, बस्स. सहावीच्या प्रवेशपरीक्षेत ३०० पैकी १५० गुण गणिताचे असतात, प्रत्येकी ३ गुणांचे ५० प्रश्न. त्यामुळे गणिताची काळजी वाटणं चुकीचं नाही. पण चुका तीन कप्प्यांत वाटा: रीतच कळली नाही, आकडेमोड चुकली, घाई झाली. एका दिवशी एकाच कप्प्याकडे बघा. रीत कळली नसेल तर दुसऱ्या दिवशी नव्यानं समजावा, तिथल्या तिथे चौथ्यांदा समजावू नका. चौथ्यांदा समजावतानाच आवाज चढतो.

पारा चढण्याच्या खुणा शरीरात आधी दिसतात: दात आवळले जातात, कान तापतात, बोलणं भराभर होतं. मुलाच्या हातातलं पेन हिसकावून घ्यावंसं वाटलं की तिथे थांबा. म्हणा, "मी पाणी पिऊन येतो, पाच मिनिटांत परत बसू." परत कधी येणार हे सांगितलंच पाहिजे. न बोलता उठून गेलात तर मुलाला ती शिक्षाच वाटते. बाहेर गेल्यावर चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, असं आठ-दहा वेळा. ही युक्ती फसते ती दोन कारणांनी. एक, माणूस बाहेर जाऊन मोबाइल उघडतो आणि पाच मिनिटांची पंचवीस होतात. दोन, शरीर बाहेर असतं, पण मनात भांडण चालूच राहतं. मग राग उतरत नाही, मुरतो.

तरीही एखाद्या दिवशी ओरडाल. मग त्याच रात्री, तो झोपायच्या आत, त्याच्याजवळ बसून बोला. "मी ओरडलो. तू घाबरला असशील. चूक माझी होती. उद्या आवाज चढायला लागला तर मी उठून पाणी प्यायला जाईन." यात 'पण' हा शब्द आला की सगळं वाया गेलं. त्याच्याकडून "असू दे बाबा" वदवून घेऊ नका, आणि आइस्क्रीमनं भरपाईही करू नका. माफी मागितली म्हणून वचक जात नाही. राहिलेली गणितं उद्या करायचीच आहेत, तो नियम तसाच.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही: मुलाला जायचंय का? देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झालं, त्यामुळे या भागात त्याचं अप्रूप असणारच. पण ती निवासी शाळा आहे. त्याला ते माहीत आहे का, घर सोडायचं म्हटल्यावर त्याला काय वाटतं, हे एकदा गणिताच्या वेळेबाहेर विचारा आणि उत्तर मध्येच न तोडता ऐका.

प्रश्न : आम्ही गावभागात राहतो. २०२१ च्या पुरात घर सोडावं लागलं तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. आता जुलैत पाऊस लागला की तो दप्तर भरून दाराशी ठेवतो आणि दर अर्ध्या तासानं विचारतो, "आई, आयर्विनला किती झालं?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट चढलं. मी म्हणते काही होणार नाही, तरी ऐकत नाही.
– एक आई, सांगली

उत्तर : 'काही होणार नाही' हे त्याला पटणार नाही, कारण झालेलं त्यानं पाहिलंय. शिवाय हे म्हणताना तुमच्या हातात मोबाइल असतो का, तेही बघा. पाऊस लागला की सांगलीतल्या निम्म्या घरांत मोठी माणसंच पातळीच्या मेसेजवर जगत असतात. धोका किती, हे मूल शब्दांवरून कमी आणि आईच्या चेहऱ्यावरून जास्त ठरवतं.

खरं सांगा, त्याला झेपेल एवढं. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. "आपण अमुक फुटांना सामान वर चढवायचं आणि तमुक फुटांना मावशीकडे जायचं" हा आकडा आधी घरातल्या मोठ्यांनी ठरवा, मग त्याला सांगा. पातळी दिवसातून दोनदाच बघायची, सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा, तीही प्रशासनानं दिलेली. गल्लीतले ग्रुप म्यूट.

दप्तर काढून घेऊ नका. त्याच्याबरोबर बसून एकदाच एक पिशवी भरा: कागदपत्रं, औषधं, टॉर्च, कपड्याचा एक जोड, त्याचं एक खेळणं. मग ती कपाटावर ठेवायची आणि पुन्हा उघडायची नाही. कामाला शेवट असला की भीतीला थोडा लगाम बसतो.

अडतं ते पुन्हा पुन्हा विचारण्यापाशी. प्रत्येक वेळी धीर दिलात तर त्याचा परिणाम दर खेपेला कमी टिकतो आणि विचारण्याची सवय पक्की होते. पहिल्यांदा नीट उत्तर द्या. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणा, "उत्तर तेच आहे. भीती वाटतेय का? कुठे वाटतेय, पोटात का छातीत?" भावनेला नाव मिळालं की तिचा जोर ओसरायला मदत होते. मग त्याला हाताला लागेल असं काम द्या, शेंगा फोडणं, लसूण सोलणं, काहीही.

पाऊस नसतानाही झोपेत दचकणं, सुटलेलं अंथरुण ओलं करणं परत सुरू होणं, नदीकडचा रस्ता टाळणं, यातलं काही महिन्याहून जास्त टिकलं तर घरगुती उपायांवर थांबू नका. सांगलीच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभागाला दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. तुम्हालाच पावसाचा आवाज सहन होत नसेल, तर स्वतःसाठीही तो फिरवा.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा. रडला की सासूबाई म्हणतात, "पोरीसारखा काय रडतोस," आणि हातात मोबाइल देतात. त्यांना कसं सांगू?
– एक सूनबाई, कऱ्हाड

उत्तर : मुलासमोर अजिबात नको. त्याला मग रडण्यापेक्षा आई-आजीची जुंपलेली जास्त लागते. दुपारी निवांत असताना सांगा, आणि 'तुमचं चुकतंय' असं न म्हणता मदत मागा: "आई, तो रडला की त्याला जवळ घेऊन नुसतं बसाल का? तुमच्याकडे लवकर शांत होतो." खरं असेल तरच हे म्हणा, सासूबाईंना खोटी स्तुती लगेच कळते.

करायचं एवढंच. त्याच्या उंचीवर खाली बसायचं. कमी बोलायचं: "गाडी मोडली. वाईट वाटलं." मारायला लागला तर हात हलकेच धरायचा, "मारू देणार नाही." रडू ओसरेपर्यंत उपदेश नाही, त्या वेळी तो डोक्यात शिरत नाही. मग पाणी, मांडी. मोबाइलनं रडू थांबतं खरं, पण वाईट वाटलं की पडदा बघायचा एवढंच तो शिकतो. मोबाइल बंदच करायचा नसेल, तर निदान रडण्याशी त्याची गाठ तोडा: ठरलेल्या वेळी, ठरलेला वेळ.

प्रश्न : मुलांसमोर नवरा-बायकोनं भांडूच नये का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : मतभेद दिसले तरी चालतात, मिटलेलेही दिसले पाहिजेत. बहुतेक घरांत भांडण स्वयंपाकघरात मुलांदेखत होतं आणि समेट रात्री दार लावून, त्यामुळे मुलांना अर्धीच गोष्ट कळते. सकाळी दोघांनी मिळून सांगा, "काल आम्ही पैशांवरून भांडलो, ते मिटलं, आणि ते तुझ्यामुळे नव्हतं." शेवटचा भाग गाळू नका, लहान मुलं दोष पटकन स्वतःकडे घेतात. बोलण्यात मुलाला निरोप्या करू नका, साक्षीला तर मुळीच उभं करू नका.

घरात मारहाण होत असेल, तर मात्र हा सल्ला लागू नाही. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. मुलालाही १०९८ पाठ करून द्या.