पुण्यातला फ्लॅट एजंटशिवाय विकायचा आहे, गृहकर्जही चालू आहे. जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीतला दोन बीएचके, २०१२ साली ४० लाखांना घेतलेला, अजून २२ लाखांच्या आसपास कर्ज बाकी, अपेक्षा ८० लाखांची, आणि एजंटला दोन टक्के द्यायची इच्छा नाही.

जमेल. दोन टक्के म्हणजे १ लाख ६० हजार. एजंट जीएसटी लावणारा असेल तर १ लाख ८८ हजार ८००. पण हे पैसे नेमके कशाचे ते आधी समजून घ्या. गिऱ्हाईक शोधणं हा त्यातला सोपा भाग. इसार दिल्यापासून रजिस्ट्रेशन आणि शेवटचा चेक हाती येईपर्यंतचे दीड-दोन महिने एजंट दोन बँका, सोसायटी आणि वकील यांच्या मागे लागलेला असतो. व्यवहार फिसकटतात ते याच काळात. ते काम आता तुमच्या अंगावर येणार, म्हणून जाहिरात टाकण्याआधी फाइल तयार करा.

फाइलमध्ये काय हवं: बिल्डरशी झालेला नोंदणीकृत करारनामा, त्याची इंडेक्स दोन (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा सारांश-उतारा), नोंदणीची पावती, ताबापत्र, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), चालू मालमत्ता कराची पावती, वीजबिल आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. फ्लॅट थेट बिल्डरकडून न घेता दुसऱ्या-तिसऱ्या हातातून घेतला असेल तर आधीचे सगळे करारही लागतात. साखळीतला एक दुवा नसला तरी खरेदीदाराच्या बँकेचा वकील तिथेच थांबतो. मूळ कागद तुमच्या बँकेकडे असणारच. बँकेकडून ताब्यातल्या मूळ कागदांची यादी, एजंटांच्या भाषेत ‘एलओडी’, लेखी मागून घ्या आणि स्वतःकडच्या झेरॉक्स तिच्याशी ताडून पाहा. एखादी प्रत सापडत नसेल तर नोंदणी झालेल्या दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते.

नेहमीच्या अडचणी चार. पॅन, आधार आणि करारनाम्यावरचं नाव जुळत नाही. करारात पत्नीचं किंवा भावाचं नाव सहमालक म्हणून आहे आणि ती व्यक्ती सहीला येऊ शकत नाही. भाग दाखला अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे आणि घरात सगळे समजतात की नॉमिनेशन आहे म्हणजे झालं; नॉमिनी मालक होत नाही, सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. चौथी, बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली किंवा टेरेस झाकलेला, जे मंजूर नकाशात नाही. बँकेचा इंजिनिअर फूटपट्टी घेऊन येतो तेव्हा हे लपत नाही. हे आज सोडवायला महिना लागला तरी चालेल, इसार घेतल्यावर नाही.

पार्किंगबद्दल जपून लिहा. करारनाम्यात उल्लेख नसेल आणि सोसायटीने जागा नेमून दिली असेल तर जाहिरातीत ‘स्वतःचं पार्किंग’ लिहू नका. उघडं किंवा स्टिल्टमधलं (इमारतीखाली खांबांमधलं) पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे, आणि खरेदीदाराचा वकील तेवढं नक्की विचारतो.

आता भाव. पोर्टलवर दिसतात त्या मागण्या, झालेले सौदे नव्हेत. खरा आकडा नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’मध्ये मिळतो. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि तुमच्या करारातला सर्व्हे नंबर टाकला की त्या जागेवर नोंदलेले दस्त दिसतात. इंडेक्स दोनमध्ये ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन आकडे असतात. मोबदला म्हणजे सौद्याची नोंदलेली किंमत, बाजारभाव म्हणजे सरकारी रेडी रेकनरने काढलेली. तुमच्याच इमारतीतले गेल्या वर्षा-दीड वर्षातले तीन-चार दस्त काढा, मोबदल्याला कार्पेट क्षेत्राने भागा, आणि मजला, पार्किंग, दिशा बघून थोडं वर-खाली करा. क्षेत्र कार्पेट आहे की बिल्टअप ते दस्तात वाचूनच भागा, इथे हमखास गोंधळ होतो. एवढं केलं की ८० लाख ही अपेक्षा आहे की भाव, ते कळेल.

रेडी रेकनर तुम्हालाही बांधतो. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी किंमत यांपैकी जास्त असेल तिच्यावर लागतं. करारातली किंमत सरकारी किमतीपेक्षा खूपच कमी असेल, फरक १० टक्क्यांच्या पुढे गेला, तर आयकरात तुमची विक्री सरकारी किमतीला झाली असं धरतात.

जाहिरात पहिल्यांदा सोसायटीच्या आणि शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. तिथले भाडेकरू आणि ‘आई-वडिलांना जवळ आणायचंय’ म्हणणारे हे सगळ्यात चांगले खरेदीदार. परिसर त्यांना माहीत असतो. मग पोर्टल. ‘थेट मालक’ लिहिलं तरी पहिल्या दिवशीचे बरेचसे फोन एजंटांचे असतात, काही ‘माझ्या बहिणीसाठी’ म्हणून. सरळ विचारा: कर्ज कोणत्या बँकेचं, पूर्वमंजुरी झाली आहे का, स्वतःची रक्कम किती तयार आहे? खरा खरेदीदार उत्तर देतो. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली, फ्लॅट न बघता टोकन पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असा फोन आला की ठेवून द्या. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

सौदा ठरला की इसार पावती. टोकन लाखभर असो की पाच लाख, बँकेतूनच घ्या. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. पावतीत एकूण किंमत, पार्किंग, मुदत (साठ दिवस ठेवा), कर्ज चालू असल्याचा उल्लेख आणि सोसायटीचं हस्तांतरण शुल्क कोण भरणार ते लिहा. एक कलम बहुतेक जण विसरतात: कर्ज नामंजूर झालं तर काय? फ्लॅटच्या कागदांमुळे नामंजूर झालं तर टोकन पूर्ण परत, खरेदीदाराच्या उत्पन्नामुळे किंवा मन बदलल्यामुळे झालं तर ठरलेली रक्कम कापून परत. हे आधी लिहिलेलं नसेल तर भांडण ठरलेलं.

साठेखताची (विक्रीच्या कराराची) नोंदणी घाईने करू नका. खरेदीदाराच्या बँकेचं मंजुरीपत्र आणि मूल्यांकन दोन्ही होऊ द्या. मूल्यांकन ८० ऐवजी ७४ लाख आलं तर कर्ज कमी होतं आणि फरक खरेदीदाराला खिशातून घालावा लागतो. नोंदणीनंतर हे कळलं तर नोंदणीकृत रद्दलेख झाल्याशिवाय तुम्हाला दुसऱ्या कुणाला विकणं अवघड, आणि अडकलेल्या मुद्रांक शुल्कासाठी खरेदीदार सही करायला तयार होत नाही. पुणे महापालिका हद्दीत ८० लाखांवर ७ टक्क्यांनी ५ लाख ६० हजार मुद्रांक आणि ३० हजार नोंदणी फी होते. हा खर्च खरेदीदाराचा. सगळे खरेदीदार महिला असतील तर मुद्रांक १ टक्का कमी. नवरा-बायको दोघांची नावं घातली की ती सवलत जाते. भाव अडला असेल तर ही ८० हजारांची गोष्ट त्यांच्या कानावर घाला.

साठेखत आणि पुढचं खरेदीखत (प्रत्यक्ष मालकी देणारा दस्त) वकिलाकडूनच करून घ्या, इथे बचत करू नका. एजंटकडचा ठरीव मसुदा वापरणारे आढळतात. त्यात चालू कर्जाचं कलमच नसतं.

आता तुमच्या प्रश्नातला सगळ्यात नाजूक भाग: २२ लाखांचं कर्ज. पैसा असा फिरतो. तुमची बँक ‘फोरक्लोजर’ पत्र देते, ज्यात ठरावीक तारखेपर्यंतची बाकी आणि पुढे रोजचं व्याज असतं. नोंदणीकृत साठेखतानंतर खरेदीदाराची बँक पहिला चेक तुमच्या नावाने नव्हे, तर तुमच्या बँकेच्या नावे, तुमचा कर्जखाते क्रमांक घालून काढते. कर्ज बंद होतं, मूळ कागद सुटतात, ते खरेदीदाराच्या बँकेकडे जातात आणि मग उरलेल्या रकमेचा चेक तुमच्या नावे निघतो. पहिल्या आणि दुसऱ्या चेकच्या मधले दोन-तीन आठवडे सगळ्यांनाच अस्वस्थ करतात. फोरक्लोजर पत्राची मुदत संपते, मधे एक हप्ता कापला जातो, काही हजार कमी पडतात आणि खातं बंद होत नाही. कर्जखात्याशी जोडलेल्या बचत खात्यात थोडे जास्तीचे पैसे ठेवा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद द्यावेत, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा, काम हलतं. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो.

याहून सोपी वाट आहे. खरेदीदाराचे स्वतःचे, समजा किमतीच्या २० टक्के म्हणजे १६ लाख, थेट कर्जखात्यात जमा करून घ्या, उरलेले ६ लाख तुम्ही घाला आणि त्याची बँक रक्कम देण्याआधीच कागद सोडवा. शक्य असेल तर मी हेच सुचवीन.

सोसायटीकडून विकायला ‘परवानगी’ लागत नाही. उपविधींनुसार हस्तांतरणाच्या इराद्याची नोटीस १५ दिवस आधी ठरलेल्या नमुन्यात द्यायची. ना-हरकत खरेदीदाराच्या बँकेला हवी असते आणि प्रत्येक बँकेचा नमुना वेगळा. तो नमुना खरेदीदाराकडून पहिल्याच आठवड्यात घेऊन सचिवांना द्या. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५ हजार, शिवाय हस्तांतरण फी ५०० आणि प्रवेश फी १००. त्यावर ‘इमारत निधी’ मागितला तर लेखी मागा.

किंमत ५० लाख किंवा जास्त असल्याने खरेदीदार तुमच्या रकमेतून १ टक्का, म्हणजे ८० हजार, टीडीएस कापून भरेल. तुमचं पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर कपात थेट २० टक्क्यांवर जाते. तुम्ही अनिवासी असाल तर हिशेब पूर्ण वेगळा. आधी सीए गाठा. टीडीएसचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत हा ८० हजारांचा आकडा शेवटच्या हिशेबात स्वतंत्र लिहून ठेवा.

भांडवली नफ्यात तुमचा मोठा फायदा आहे आणि तो कुणी सांगत नाही. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाईचा निर्देशांक न लावता १२.५ टक्के आणि निर्देशांक लावून २० टक्के यांतला कमी कर भरता येतो. ४० लाख नफ्यावर १२.५ टक्के म्हणजे ५ लाख. खरेदी २०१२-१३ मधली धरून (निर्देशांक २००) २०२५-२६ च्या निर्देशांकाने (३७६) ४० लाखांची खरेदी ७५ लाख २० हजार होते, नफा ४ लाख ८० हजार आणि कर ९६ हजार, अधिक उपकर. तेव्हाचं मुद्रांक शुल्कही खरेदी खर्चात येतं, त्या पावत्या शोधा.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी मूळ आधार-पॅन, दोन साक्षीदार, आणि आधी वेळ घेतलेली असावी. मूळ पॅन घरी राहिल्यामुळे सगळा दिवस वाया जातो. किल्ली मात्र शेवटचा रुपया खात्यात दिसल्यावरच. ‘सामान ठेवू द्या, चेक उद्या निघतोय’ याला नाही म्हणा. ताबा देताना ताबा पावतीवर वीज आणि गॅसच्या मीटरचं रीडिंग लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि मेंटेनन्सची आपोआप कपात त्याच दिवशी बंद करा.