मला पांढरं घर हवंय, घरचे नको म्हणतात

‘मॅडम, एवढं कर्ज काढून घर घेतलं, तेही माझ्या मनासारखं करायचं नाही का?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडं समुपदेशनाला बऱ्याच जणी येतात. कधी वाद देवघराच्या जागेवरून असतो, कधी स्वयंपाकघरावरून. या जोडप्यात तो पांढऱ्या रंगावरून पेटला होता. (दोघांच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ती बँकेत नोकरीला. माहेर कोल्हापुरात शुक्रवार पेठेतलं: दोन खोल्या, माणसं भरपूर, खुंटी तिथं पिशवी. अभ्यासाला बसायचं तर आधी कॉटवरच्या कपड्यांचा ढीग उचलायचा. आता कळंब्याला फ्लॅट घेतला, तर तिला भिंती, फरशी, ओटा, कपाटं, सोफा सगळं पांढरं हवं होतं आणि सामान अगदी मोजकं. नवरा शिरोली एमआयडीसीत, फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) सुपरवायझर. पहिल्याच भेटीत तो म्हणाला, ‘हिला घर नको, दवाखाना पाहिजे.’ तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंचा मुद्दा वेगळाच होता. दर चैत्रात जोतिबाला जाणाऱ्या त्या. ‘गुलाल माखून आलेल्या माणसानं काय जिन्यातच बसायचं?’

तिनं मोबाइलवर साठवलेले फोटो दाखवले. सुंदर होते, खोटं कशाला बोलू. मी एवढंच विचारलं, ‘यात चपला कुठं आहेत?’ ती हसली. चपला नव्हत्या, चार्जर नव्हता, गॅस सिलिंडर नव्हता, देवही नव्हते.

अशा भांडणात मी रंगाबद्दल बोलतच नाही. फ्लॅटचा नकाशा टेबलावर पसरते आणि एकेकाला सांगते, घरात पाऊल टाकल्यापासून झोपेपर्यंत बोट फिरवत सांगा, काय काय करता. तिचं बोट भराभर फिरलं. त्याचं दारातच थांबलं.

‘बूट काढायचे कुठं, तेच कळंना झालंय.’

फाउंड्रीत साचे करायच्या वाळूत बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी मिसळलेली असते. ती काळी वाळू बुटाच्या शिवणीत बसते, पँटच्या दुमडीतून घरात येते, आणि हात कितीही घासले तरी नखांच्या कडेनं रेघा राहतातच. हे सांगता सांगता त्यानं दोन्ही हात टेबलाखाली घेतले. मग म्हणाला, ‘सगळं पांढरं केल्यावर त्या घरात घाण मी एकटाच की.’

हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं. तिला नवऱ्याला हिणवायचं नव्हतंच. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, ‘जिच्यावर काहीच टांगलेलं नाही अशी एक तरी भिंत मला पाहिजे. दिवसभर काउंटरवर माणसं, घरी आले की वस्तू.’ त्यालाही हे नवीन होतं.

इथून पुढचं काम सोपं झालं. नकाशा पुन्हा उघडला. दारातून आत येताच डाव्या हाताला काळ्या कडाप्प्याची पट्टी, बसायला बाकडं, खाली बुटांचा बंद कप्पा. तिथून थेट बाथरूम. आधीच्या आराखड्यात याच जागी शोभेची कुंडी होती!

ओट्यासाठी तिला पांढरा संगमरवर हवा होता. त्यावर माझं मत मी स्पष्ट सांगितलं. लिंबू, चिंच, दही सांडलं की संगमरवराची चकाकी जाते, कारण तो मुळात चुनखडीच. आणि सच्छिद्र असल्यानं हळद आत मुरते. ज्या घरात रविवारी तांबडा-पांढरा दोन्ही रस्से शिजतात, तिथं तो ओटा कोण जपणार? मी ‘कोण’ म्हटलं आणि दोघांनीही एकाच वेळी सासूबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, ‘बघू नका माझ्याकडं.’ ओटा काळ्या ग्रॅनाइटचा ठरला.

‘दवाखाना’ हा त्याचा टोमणा मात्र मी सोडून दिला नाही, त्यात तथ्य होतं. पांढऱ्या भिंतींवर 6500 केल्व्हिनचे (उजेडाची रंगछटा या मापात सांगतात) निळसर दिवे लावले की खोली खरोखरच वॉर्डासारखी दिसते. तेच 3000 च्या आसपासचे पिवळसर दिवे लावले तर भिंत उबदार वाटते. आपल्याकडं जूनपासून आभाळ भरलेलं, त्या उजेडात निव्वळ पांढरा रंग करडा दिसतो. म्हणून किंचित पिवळसर झाक असलेला, धुता येणारा रंग घ्या, असं सुचवलं. आणि रंगाच्या आधी बाहेरच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग. ओलीचा डाग पांढऱ्यावर लपत नाही. मी काही इंटिरिअरवाली नाही, पण इतकी घरं भांडताना ऐकली की एवढं कळायला लागतं.

कमी सामानाचा हट्ट धरणाऱ्यांना आणखी एक सांगते. मोजकं दिसायचं असेल तर बंद कपाटं जास्त लागतात. पाहुण्यांच्या गाद्या, दिवाळीचे डबे, गणपतीचं मखर कुठंतरी जाणारच. ते बजेट आधी काढा, सोफ्याचं नंतर.

तुमच्या घरी हाच वाद असेल तर ‘पांढरा का नको?’ असं विचारू नका. त्याला उत्तर ‘मळतं’ एवढंच येतं आणि भांडण तिथंच फिरत राहतं. ‘या घरात तुला अवघडल्यासारखं कुठं वाटेल?’ असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका.

त्यांच्या हॉलच्या भिंती पांढऱ्या झाल्या, समोरच्या भिंतीवर एक खिळासुद्धा नाही. सासूबाईंनी आपल्या खोलीला पिस्ता रंग घेतला आणि देवघरामागं पुसता येईल अशी टाइल लावून घेतली. सोफ्याचं अजून भिजत घोंगडं आहे. तो म्हणतो, कव्हर काढून धुता येत असेल तर पांढरा घे. ती म्हणते, मग धुवायची पाळी लावू. पाळीवर अजून एकमत झालेलं नाही.