तेल महागलं, मग सोयाबीन का नाही?

प्रश्न: सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. आडत्या म्हणाला, सोयाबीन थांबवा, भाव चढणार. आम्ही दिवाळीनंतरही माल ठेवला. दुकानात तेल लगेच महागलं, सोयाबीन मात्र ४,८९२ रुपयांच्या हमीभावालाही पोचलं नाही. मधले पैसे गेले कुठे? आणि शुल्क सरळ शंभर टक्के का करत नाहीत?
— एक शेतकरी वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर: ताई, बंदरात आयातीचे कागद करण्यातच माझी सगळी नोकरी झाली, म्हणून आधी आकडा. १४ सप्टेंबरपासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झालं. त्यात ५ टक्के कृषी अधिभार, आणि या बेरजेवर पुन्हा दहा टक्के समाजकल्याण अधिभार. एकूण ५.५ टक्क्यांचे २७.५ झाले.

पण हे शुल्क तेलावर. तुम्ही विकता सोयाबीन. क्विंटलभर सोयाबीन गाळलं की तेल निघतं जेमतेम १८ किलो. ८० किलोच्या आसपास असते ती पेंड, बाजारातली डीओसी. समजा, शुल्कामुळे तेलाला किलोमागे १८ रुपये जास्त मिळाले. मिलवाल्याच्या हाती क्विंटलमागे सव्वातीनशे आले. पेंड किलोला चारच रुपयांनी उतरली की ३२० गेले. आणि त्या हंगामात पेंड उतरलीच होती. इथेनॉलसाठी मका-तांदूळ वापरल्यावर जो चोथा उरतो, त्या डीडीजीएसने कोंबडीखाद्यात पेंडीची जागा खाल्ली. बाहेर ब्राझील-अर्जेंटिनाचा माल स्वस्त, त्यामुळे आपली पेंड निर्यातीलाही महाग पडत होती. आडत्याने तुम्हाला अर्धाच हिशेब सांगितला. उरलेला त्याला ठाऊक नव्हता, हे मला पटत नाही.

दुकानातल्या तेलाचं म्हणाल, तर देशाच्या गरजेचं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, त्यामुळे भाव ठरतो तो आयात मालाचा. तुम्ही जास्त मोजलेल्या पैशातला मोठा वाटा सरकारी तिजोरीत गेला. काही नेपाळमार्गेही गेला: शुल्क वाढताच तिथून रिफाइंड तेल बिनशुल्क येऊ लागलं, करारच तसा आहे. एवढं सोयाबीन नेपाळात पिकत नाही. बाहेरचं कच्चं तेल तिथे शुद्ध होऊन इकडे येत होतं. कागद मात्र चोख!

पुढे ३१ मे २०२५ पासून कच्च्या तेलाचं एकूण शुल्क १६.५ टक्क्यांवर आणलं, रिफाइंडचं ३५.७५ तसंच ठेवलं. या फरकाने देशातल्या रिफायनऱ्या चालतील, ग्राहकालाही थोडा दिलासा मिळेल. सोयाबीनवाल्याला त्यात काही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्यासाठी हमीभावाची खरेदी वेळेवर उघडणं आणि ओलाव्याच्या नावाखाली माल परत न पाठवणं, हे शुल्कापेक्षा जास्त कामाचं.

आता शंभर टक्क्यांचं. जागतिक व्यापार करारात भारताने सोयाबीन तेलावर ४५ टक्क्यांची कमाल मर्यादा मान्य केली आहे. पामतेलावर ती ३०० आहे. म्हणजे पामवर शंभर लावता येईल, सोयातेलावर नाही. एकट्या पामवर लावलं, तर व्यापारी जहाजं अर्जेंटिनाकडे वळवतील आणि बंदरात सोयातेलच जास्त येईल. यंदा माल थांबवायचा ठरवलाच, तर आडत्याला तेलाचा नको, डीओसीचा भाव विचारा.