वनामेई कोळंबीच्या तळ्यात ब्लीचिंग पावडर आणि प्रोबायोटिक एकत्र टाकले तर चालते का?
नाही. ब्लीचिंगमधला क्लोरीन रोगजंतूंसोबत प्रोबायोटिकमधले उपयोगी बॅसिलस जिवाणूही मारतो, म्हणजे पैसे अक्षरशः पाण्यात. बीज (कोळंबीची पिल्ले) सोडण्याआधी पाणी ब्लीच करा, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रे) चालवून क्लोरीन पूर्ण उडू द्या, किटने तपासा; मगच गुळाच्या पाण्यात वाढवलेले प्रोबायोटिक सोडा. तेव्हाही एरेटर चालू हवेत, कारण हे जिवाणूही प्राणवायू वापरतात. चुना टाकण्याआधी पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) बघा, कारण चुन्याने तो वाढतो. तो चढला की अमोनिया जास्त विषारी होतो.

अँटिबायोटिक मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी नको. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूमुळे होतो, त्यावर ते चालतच नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांवर तर कोळंबीपालनात बंदीच आहे. त्यांचा अंश सापडला तर निर्यातीचा माल नाकारला जातो.