रेबीजची लस कातडीत : डोस थोडा, संरक्षण पूर्ण

ताई, तुम्ही लिहिलंत की मुलाच्या पोटरीला कुत्रा चावला, रक्त आलं. सरकारी दवाखान्यात दोन्ही दंडांवर थेंबभर लस टोचली, आणि 'खासगीत अख्खी बाटली देतात, इथे लस वाचवतात' असं कुणीतरी सांगितल्यावर तुम्हाला झोप नाही. लस वाचते हे खरं आहे. संरक्षण मात्र कमी होत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात मी अनेक वर्षं हीच लस टोचली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कातडीत डेंड्रिटिक पेशी, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशी, भरपूर असतात; अख्खी बाटली देतात त्या स्नायूत फार थोड्या. 1868 मध्ये पॉल लँगरहान्सने विद्यार्थी असतानाच त्यांच्यातला एक प्रकार पाहिला होता, पण त्याला त्या मज्जासंस्थेच्या वाटल्या. त्यांचं खरं काम कळायला पुढे शंभरेक वर्षं गेली. या पेशी लशीतला विषाणूचा अंश उचलतात, काखेतल्या लसिकाग्रंथींत नेतात आणि तिथल्या टी व बी या रोगाशी लढणाऱ्या पेशींना दाखवतात. मग विषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडं तयार होतात. लस थेट या पेशींच्या गर्दीत पोहोचते, म्हणून 0.1 मिली पुरते. भारतात रेबीजसाठी या पद्धतीला 2006 मध्ये मान्यता मिळाली. तुमच्या मुलाला जन्मल्यावर दिलेली बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, कातडीतच दिली होती. 2016 पासून पोलिओची इंजेक्शनची लसही बाळांना अशीच 0.1 मिली देतात.

खरी कसोटी टोचणाऱ्या हाताची. सुई बरोबर कातडीत असेल तर तिथे लगेच फिकट गांधी उठते, मोसंबीच्या सालीसारखी बारीक खड्ड्यांची. ती उठली नाही तर लस खाली चरबीत गेली असं समजायचं आणि शेजारी पुन्हा टोचून घ्यायची. हे सिस्टरांना विचारायला अजिबात संकोच करू नका.

पहिला दिवस शून्य धरून 0, 3, 7 आणि 28 या दिवशी डोस घ्यायचे, दर वेळी दोन्ही दंडांवर. जखम भरली की अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस लोक विसरतात. तो चुकवू नका. सुरू केलेली पद्धत शक्यतो मध्येच बदलू नका. मुलाला स्टिरॉइड किंवा क्लोरोक्वीनसारख्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, अशा वेळी स्नायूतली लस निवडतात.

आता तुम्ही न विचारलेलं, पण मला जास्त काळजीचं वाटतं ते. लस कुठल्याही मार्गाने दिली तरी पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. रक्त आलेली जखम तिसऱ्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या श्रेणीत मोडते, आणि तेवढ्या काळासाठी जखमेत आणि तिच्याभोवती सिरम, म्हणजे तयार प्रतिपिंडं, टोचावं लागतं. ते दिल्याचं तुमच्या लिहिण्यात कुठेच नाही. पहिल्या डोसपासून सात दिवसांपर्यंत ते देता येतं. केसपेपर बघा, नोंद नसेल तर उद्याची वाट न पाहता आजच दवाखान्यात जा. तिथे नसेल तर जिल्हा रुग्णालयात विचारा.