वाचकांचे प्रश्न : २६ जुलै या तारखेच्या नोंदी

प्रश्न : आमच्या शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोज दिनविशेष लिहिला जातो. २६ जुलैला शाहू महाराजांचा आरक्षणाचा हुकूम, कारगिल विजय दिन, मुंबईतील अतिवृष्टी, सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण अशा घटना एकाखाली एक येतात. या घटनांचा एकमेकींशी काही संबंध आहे का, असे मुले विचारतात. त्यांना काय सांगावे? (एक शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : बहुतेक घटनांचा परस्परांशी संबंध नाही, परंतु काहींचा आहे, आणि तो शोधणे हाच दिनविशेषाचा खरा अभ्यास आहे. त्यासाठी प्रत्येक नोंदीला दोन प्रश्न विचारावेत. ही तारीख कोणी मुद्दाम निवडली होती का? आणि त्या तारखेला नेमके काय झाले : घटना घडली, तिची घोषणा झाली, की ती कागदावर आली?

आरंभ आपल्या कोल्हापूरपासूनच करणे योग्य. २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये जो हुकूम प्रसिद्ध झाला, त्याने संस्थानच्या नोकरीत यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्या दिवशी महाराज कोल्हापुरात नव्हते. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी ते इंग्लंडला गेले होते. तो समारंभ ठरला होता २६ जूनला, म्हणजे महाराजांच्या वाढदिवशीच, पण राजाच्या आजारपणामुळे तो ९ ऑगस्टपर्यंत लांबणीवर पडला. त्यामुळे ‘या दिवशी महाराजांनी दरबारात आरक्षण जाहीर केले’ असे वाक्य फळ्यावर लिहू नये. ‘या दिवशी हुकूम गॅझेटात प्रसिद्ध झाला’ असे लिहावे. जयंती २६ जूनची आणि हुकूम २६ जुलैचा, हा फरकही मुलांकडून पक्का करून घ्यावा, कारण महिन्याच्या नावातील एका अक्षरामुळे इथे हमखास गोंधळ होतो.

हुकमाचा मजकूर मुलांना समजावून सांगण्याजोगा आहे. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सर्वांना त्याने मागासलेले मानले. ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथील पुढची नेमणूक त्यांच्यापैकीच व्हावी, असे त्यात होते. कामावर असलेल्या कोणालाही काढावयाचे नव्हते. फक्त नव्या नेमणुकांची दिशा बदलावयाची होती. शिवाय खातेप्रमुखांनी दर तिमाहीला नेमणुकांचा तक्ता सरकारकडे पाठवावा, असे बंधन घातलेले होते. मला स्वतःला हे शेवटचे कलम फार महत्त्वाचे वाटते, कारण चांगल्या हेतूचे हुकूम पुष्कळ निघतात, पण त्यांचा हिशेब मागण्याची व्यवस्था त्याच कागदावर असणे विरळा. १८९४ साली महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते, हे ठाऊक असले म्हणजे असा तक्ता का मागावा लागला ते उमगते. १९०१ साली सुरू झालेले व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगही याच संदर्भात सांगावे. शिकलेली मुले तयार झाल्याखेरीज राखीव जागा भरणार कोण, याचा विचार महाराजांनी हुकमाच्या आधीच केला होता.

आता परस्परसंबंध असलेल्या घटना पाहू. २६ जुलै १९५२ रोजी इजिप्तचा राजा फारूक गादी सोडून अलेक्झांड्रिया बंदरातून जहाजाने देशाबाहेर गेला. बरोबर चार वर्षांनी, २६ जुलै १९५६ रोजी, इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्देल नासर यांनी त्याच शहरातील जाहीर सभेत सुएझ कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. आस्वान धरणासाठी कबूल केलेली मदत अमेरिका आणि ब्रिटन यांनी आठवड्याभरापूर्वीच नाकारली होती, हे घोषणेचे तातडीचे कारण. पण ती करण्यासाठी राजाच्या पदत्यागाचा वर्धापनदिन साधला गेला. येथे पहिल्या तारखेने दुसरीला जन्म दिला. भाषणात कालव्याचा निर्माता फर्डिनांड द लेसेप्स याचे नाव उच्चारले जाताच नासर यांच्या माणसांनी कालव्याच्या कचेऱ्या ताब्यात घ्यावयाच्या, असा संकेत ठरलेला होता. हा तपशील मुलांना निश्चित आवडेल.

२६ जुलै १९४५ या दिवशीच्या दोन घटनाही अशाच गुंतलेल्या आहेत. जपानला शरणागतीचे आवाहन करणारा पॉट्सडॅम जाहीरनामा त्या दिवशी निघाला. त्यावर अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन आणि चीनचे नेते चँग कै-शेक यांच्याबरोबर ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांचेही नाव होते. त्याच दिवशी ब्रिटनच्या निवडणुकीचा निकाल लागून चर्चिल यांनी राजीनामा दिला. मतदान ५ जुलैला झाले होते, पण परदेशी असलेल्या सैनिकांची मते येण्यासाठी मोजणी तीन आठवडे थांबवली होती. मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या, ॲटली पंतप्रधान झाले, आणि पुढे दोन वर्षांनी भारताला स्वातंत्र्य देणारे सरकार ते हेच. म्हणून ही नोंद आपल्याही इतिहासाची आहे.

क्यूबातील मोंकाडा लष्करी तळावरील १९५३ चा हल्ला फसला, तरी फिडेल कॅस्ट्रो यांच्या चळवळीने पुढे ‘२६ जुलै’ हेच नाव घेतले. तळ ज्या शहरात होता ते सँतियागो उत्सवात दंग असेल, हे हेरून तो दिवस निवडला होता.

कारगिलची २६ जुलै १९९९ ही तारीख एखाद्या शिखरावरच्या लढाईची नाही. टायगर हिल ४ जुलैलाच घेतले होते. घुसखोरांना पूर्णपणे हुसकावून लावल्याचे २६ तारखेला जाहीर झाले. या युद्धात ५२७ भारतीय जवान हुतात्मा झाले, हा आकडा फळ्यावर अवश्य लिहावा. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारखी गावे असलेल्या आपल्या जिल्ह्यात हे अधिक सांगणे नलगे.

मुंबईच्या २००५ मधील पावसाची तारीख मात्र कोणीच निवडलेली नव्हती. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर. हवामान खाते सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा दिवस धरते, म्हणून सरकारी तक्त्यात हा पाऊस २७ जुलैचा म्हणून दिसतो. मुलांनी तो तक्ता पाहिला तर गोंधळून जाऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

प्रश्न : बाजीप्रभूंचा पराक्रम १३ जुलै १६६० चा, असे सर्वत्र छापले जाते. मग काही जण तो २३ जुलैचा का म्हणतात? (एक वाचक, शाहूवाडी)

उत्तर : दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत. शिवकाळातील प्रसंगांच्या ज्या इंग्रजी तारखा आपण वापरतो, त्या इंग्रजांच्या त्या वेळच्या जुन्या कालगणनेनुसार आहेत. ती गणना सतराव्या शतकात आजच्या कॅलेंडरपेक्षा दहा दिवस मागे होती, आणि इंग्लंडने ती १७५२ साली सोडली. शिवराय पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले ती आषाढ पौर्णिमेची रात्र होती, म्हणजे जुन्या गणनेने १२ जुलै आणि आजच्या गणनेने २२ जुलै. दुसऱ्या दिवशी, आषाढ वद्य प्रतिपदेला, घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभूंनी शत्रूला रोखून धरले. दरवर्षी पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणारी मंडळी १३ जुलैची रूढ तारीख पाळतात, त्यात काही गैर नाही. लिहिताना मात्र शेजारी ‘आषाढ वद्य १, शके १५८२’ अशी तिथीही द्यावी.